‘चालत नाही’ एवढेच सांगू नका



गेल्या वर्षी बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी आपल्या संगणक कक्षात घडलेला एक प्रसंग आधी सांगतो. प्रमाणपत्रे छापण्याचे काम चालू होते. एका फाईलमध्ये नावे होती, दुसरीत गुण होते. नावावरून दोन्ही याद्या जुळवायच्या आणि प्रमाणपत्रे काढायची, असा बेत होता. संध्याकाळी गठ्ठा मोजला तर ६४ ऐवजी ६३ प्रमाणपत्रे भरली. एका मुलीचे प्रमाणपत्र निघालेच नव्हते. तिचे खरे आडनाव येथे देत नाही, ‘कऱ्हाडे’ समजू. नाव दोन्ही याद्यांत होते, डोळ्यांना अगदी सारखे दिसत होते, आणि तरीही संगणक म्हणत होता की असे नाव जुळत नाही.

ते एक प्रमाणपत्र हाताने तयार करून आम्ही वेळ निभावून नेली. पण गठ्ठा मोजायचा राहिला असता तर दुसऱ्या दिवशी ती मुलगी आपल्या नावाची वाट पाहत शेवटपर्यंत बसून राहिली असती. ‘संगणकाची चूक’ म्हणून विषय सोडून देणे सोपे होते, पण आम्ही तो सोडला नाही. हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये घडले ते मुक्त स्रोताचे होते, म्हणजे त्याची मूळ आज्ञावली सर्वांना पाहण्यासाठी आणि सुधारण्यासाठी खुली असते. अशा सॉफ्टवेअरमधला दोष कोणीही कळवू शकतो. आम्हीही कळवला, पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने आणि दुसऱ्यांदा बरोबर. त्यातून जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

मुक्त सॉफ्टवेअर आणि आपली वर्गणी

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पापासून सुरू झाली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली आणि ओपनऑफिसमधून फुटून लिब्रेऑफिस २०१० साली उभे राहिले. या सॉफ्टवेअरवर पगारी अभियंते काम करतात, तसेच जगभरचे स्वयंसेवकही करतात. वापरण्यासाठी परवान्याचे शुल्क द्यावे लागत नाही. आपल्यासारख्या शाळेला ही बचत मोठी आहे, हे विश्वस्त मंडळींना वेगळे सांगायला नको.

पण फुकट मिळते म्हणून आपले काही देणे नाही, असे नाही. आपल्याकडे गणेशोत्सवात कोणी वर्गणी देतो, तर ज्याला पैसे देणे जमत नाही तो मांडवाला हात लावतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दोष नीट कळवणे ही अशीच वर्गणी आहे. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. नीट पाहणे, नीट लिहिणे आणि धीर धरणे एवढेच लागते.

आणखी एक कारण आहे. आपण इंदूरला राहतो. आजूबाजूचे बहुतेक संगणक हिंदीसाठी तयार केलेले असतात. ‘कऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला तो आडवा अर्धा ‘र’ हिंदीत लागत नाही. प्रोग्रॅमर जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये बसलेला असेल, तर त्याने हे अक्षर कधी पाहिलेलेही नसेल. तो चुकला तर त्याला सांगणार कोण? ज्याच्या नावात ते अक्षर आहे, तोच.

आमची पहिली नोंद

आम्ही पहिल्यांदा असे लिहिले होते: ‘मराठी नावे शोधता येत नाहीत. फार गैरसोय होते. कृपया लवकर दुरुस्त करावे.’ दोन दिवसांनी उत्तर आले: कोणती आवृत्ती? कोणते नाव? ते कसे टंकित केले? आणि आमची नोंद ‘अधिक माहिती हवी’ या खान्यात गेली. आम्हाला थोडा रागही आला. इतके स्पष्ट लिहिले आहे, आणखी काय हवे?

मग एका पालकांनी स्कूटरचे उदाहरण दिले. मेकॅनिककडे जाऊन ‘गाडी नीट चालत नाही’ म्हटले तर तो काय करणार? पण ‘सकाळी थंड असताना सुरू होते, दहा मिनिटे चालली की सिग्नलला बंद पडते, पाच मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होते’ असे सांगितले, तर गाडीला हात लावण्याआधीच त्याला कुठे पाहायचे याचा अंदाज येतो. आणि मेकॅनिकसमोर निदान गाडी तरी उभी असते. प्रोग्रॅमरसमोर आपला संगणक नसतो. त्याला फक्त आपले शब्द मिळतात.

संगणकातील दोषाला ‘बग’ म्हणतात. हा शब्द यंत्रांतील बिघाडांसाठी एडिसनच्या काळापासून वापरात होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड मार्क टू या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील नोंदवहीचे पान आजही जपलेले आहे. त्यावर वेळ आहे दुपारी ३ वाजून ४५ मिनिटे, जागा आहे पॅनल एफ, रिले क्रमांक ७०, आणि पुरावा म्हणून तो पतंगच चिकटपट्टीने लावलेला आहे. केव्हा, कुठे, काय आणि पुरावा. चांगल्या नोंदीत आजही याच गोष्टी लागतात.

कळवण्याआधी करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, दोष पुन्हा घडवून पाहा. एकदाच घडलेली गोष्ट वीज गेल्यानेही घडू शकते. तेच काम पुन्हा करा आणि किती वेळा केले, त्यांपैकी किती वेळा बिघडले, ते मोजा. दहापैकी दहा वेळा आणि दहापैकी दोन वेळा या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

दुसरी गोष्ट, आपल्या संगणकाचाच दोष नाही ना, ते पाहा. नवी आवृत्ती घालून पाहा. दोष आधीच दुरुस्त झालेला असू शकतो. लिब्रेऑफिसमध्ये सेफ मोड आणि फायरफॉक्समध्ये ट्रबलशूट मोड असतो. त्यात आपण केलेले बदल आणि जोडण्या बाजूला ठेवून सॉफ्टवेअर सुरू होते. तिथे दोष नाहीसा झाला, तर त्याचे मूळ बहुधा एखाद्या जोडणीत असते. शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावरही करून पाहा.

तिसरी गोष्ट, कोणी आधीच कळवले आहे का, ते शोधा. मोठ्या प्रकल्पांची दोष-नोंदवही सर्वांना वाचता येते. मोझिला प्रकल्पासाठी १९९८ साली तयार झालेली ‘बगझिला’ ही अशी नोंदवही फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस दोन्ही वापरतात. तोच दोष सापडला तर नवी नोंद करू नका. जुन्या नोंदीत आपल्याकडची नवी माहिती तेवढी जोडा. ‘मलाही हाच त्रास होतो’ एवढेच लिहिल्याने माहितीत काही भर पडत नाही, पण त्या नोंदीशी जोडलेल्या प्रत्येकाला एक पत्र मात्र जाते.

चौथी गोष्ट, दोष लहान करा. समजा ६४ ओळींच्या यादीत कुठल्यातरी एका ओळीने सॉफ्टवेअर बंद पडते. यादीची प्रत करा आणि अर्ध्या ओळी काढा. तरीही बंद पडते का? पडत असेल तर दोष उरलेल्या ३२ ओळींत आहे, नसेल तर काढलेल्या ३२ मध्ये. मग १६, ८, ४, २, १. सहा फेऱ्यांत ती ओळ हाती येते. दोष कोणत्या आवृत्तीपासून सुरू झाला हे शोधतानाही हीच युक्ती चालते. हजार बदलांमधून नेमका बदल शोधायला सुमारे दहाच चाचण्या पुरतात. गणिताच्या तासाला २ चे घात कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आम्ही याच पद्धतीने पुढे गेलो. एक रिकामी फाईल घेतली. नावांची यादी जिथे तयार झाली होती त्या संगणकावर ‘कऱ्हाडे’ टंकित केले, आणि गुणांची यादी जिथे झाली होती त्या संगणकावर तेच खालच्या ओळीत टंकित केले. दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसल्या. शोधले, तर एकच सापडली. दोन संगणकांवर कीबोर्डच्या मांडण्या वेगळ्या होत्या. एका मांडणीत हा अर्धा ‘र’ लिहायला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जात होते. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह. कागदावर एकच अक्षर, संगणकाच्या पोटात दोन वेगळ्या साखळ्या. चौसष्ट नावांपैकी फक्त या एकाच नावात ते अक्षर होते, म्हणून एकच प्रमाणपत्र राहिले.

नोंद कशी लिहावी

आमची दुसरी नोंद साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत होती. तिचा मराठी सारांश असा:

शीर्षक: ‘ऱ्ह’ असलेला शब्द दोन प्रकारे टंकित केला, तर शोधात एकच प्रकार सापडतो.

पायऱ्या: १. सोबतची दोन ओळींची फाईल उघडा. २. पहिल्या ओळीतील शब्दाची नक्कल शोधाच्या चौकटीत टाका. ३. ‘सर्व शोधा’ दाबा.

अपेक्षा: दोन्ही ओळी सापडाव्यात, कारण मराठी वाचकासाठी तो एकच शब्द आहे.

प्रत्यक्षात: फक्त पहिली ओळ सापडते. दहापैकी दहा वेळा, तीन संगणकांवर.

परिस्थिती: सॉफ्टवेअरची आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत, संगणकाची कार्यप्रणाली, फॉन्ट आणि दोन्ही कीबोर्ड मांडण्यांची नावे.

जास्तीची माहिती: पहिल्या ओळीत युनिकोड क्रमांक ०९३१ चे अक्षर आहे, दुसऱ्या ओळीत ०९३०, ०९४डी आणि २००डी असा क्रम आहे.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. शीर्षक वाचूनच दोष कळला पाहिजे. ‘तातडीचे’, ‘मदत करा’ अशा शीर्षकांतून काही कळत नाही. काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे दोन्ही लिहावे, कारण प्रोग्रॅमरला मराठी येत नसेल तर चुकीचे काय आहे हेच त्याला दिसणार नाही. चुकीचा संदेश आला तर तो आठवणीतून लिहू नका, अक्षरशः उतरवा. चित्र जोडा, पण मजकूरही द्या. चित्रातील अक्षरांची नक्कल करून चाचणी घेता येत नाही. आणि एका नोंदीत एकच दोष लिहा. तीन दोष एकत्र लिहिले, तर एक दुरुस्त झाल्यावर ती नोंद बंद करायची की उघडी ठेवायची, हे कोणालाच ठरवता येत नाही.

पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचे असे एक. दोष-नोंदवही जगाला खुली असते. शाळेची खरी यादी, मुलांचे गुण, पत्ते, दूरध्वनी क्रमांक त्यात कधीही जोडू नयेत. खोट्या नावांची छोटी फाईल वेगळी तयार करावी. दोष लहान करण्याचा हाही एक फायदा आहे.

मंगळवारी न छापणारा संगणक

पाहिलेली गोष्ट आणि आपला तर्क या दोन्हींना नोंदीत जागा आहे, पण वेगवेगळी. याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये उबुंटू लिनक्सच्या नोंदवहीत एकाने कळवले की ओपनऑफिसमधून छपाई होत नाही. काही दिवसांनी त्यानेच लिहिले की आता होते आहे. मग पुन्हा बंद. पुढे आणखी एका वापरकर्त्याने लिहिले की आपल्या पत्नीची तक्रार आहे, ओपनऑफिस मंगळवारी कधीच छापत नाही. आणि तिने ते करून दाखवले आहे.

कोणालाही हसू यावे अशी ही तक्रार होती. पण जुन्या नोंदींच्या तारखा पाहिल्या, तर छपाई बंद पडल्याचे दिवस खरोखरच मंगळवार निघाले. शोध घेतल्यावर कारण सापडले. छपाईच्या वाटेवर एक छोटा प्रोग्रॅम ‘ही फाईल कोणत्या प्रकारची आहे’ हे ओळखत असे. त्याच्या नियमांत अर्लांग नावाच्या संगणकभाषेच्या फाईलींसाठी एक नियम होता: ठरावीक जागी १९९१ सालातल्या एका मंगळवारची पूर्ण तारीख दिसली, तर ती अर्लांगची फाईल. नियम लिहिताना रिकाम्या जागांची खूण नीट न केल्यामुळे पूर्ण तारखेऐवजी मंगळवारची तीन इंग्रजी अक्षरेच तपासली जात होती. छपाईच्या फाईलीत त्याच जागी त्या दिवसाचा वार येत असे. मंगळवार आला की प्रोग्रॅम म्हणे, ही छापायची फाईल नाहीच.

म्हणजे दोष ना ओपनऑफिसमध्ये होता, ना छपाईयंत्रात. ‘छपाईयंत्र खराब आहे’ असा तर्क कोणी नोंदीत वस्तुस्थिती म्हणून लिहिला असता, तर शोध भलतीकडे गेला असता. त्या पत्नीने तर्क केला नाही. तिने जे पाहिले ते सांगितले आणि ते पुन्हा करून दाखवले. उत्तम चाचणीकार यापेक्षा वेगळे काही करत नाही.

जाहीर न करायचे दोष

एका प्रकारचा दोष मात्र खुल्या नोंदवहीत लिहू नये: ज्याचा फायदा घेऊन कोणी दुसऱ्याच्या संगणकात शिरू शकेल असा. मोठ्या प्रकल्पांनी त्यासाठी वेगळा, खासगी मार्ग ठेवलेला असतो. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरच्या लक्षात आले की लिनक्सच्या एका चाचणी आवृत्तीत दुरून संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो. अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो? त्यांनी दिले. मागोवा घेत गेल्यावर ‘एक्सझेड’ या फाईली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. त्यांनी आधी सुरक्षा पाहणाऱ्या गटांना खासगीत कळवले आणि २९ मार्चला जाहीर केले. तोवर त्या आवृत्त्या बहुतेक स्थिर प्रणालींपर्यंत पोहोचल्याही नव्हत्या.

नोंद पाठवल्यावर

नोंद पाठवली की काम संपले, असे नाही. प्रश्न विचारला गेला तर उत्तर द्यावे; माहितीची वाट पाहत पडून राहिलेल्या नोंदी शेवटी बंद केल्या जातात. ‘ही जुन्या नोंदीची पुनरावृत्ती आहे’, ‘आमच्याकडे हे घडत नाही’, ‘हा दोष नाही’ अशी उत्तरेही येतात. ती अपमान म्हणून घेऊ नयेत. ‘घडत नाही’ म्हटले तर आपल्या पायऱ्यांत काही राहिले का, ते पाहावे. दुरुस्ती झाल्याचे कळले तर नव्या आवृत्तीत स्वतः तपासून ‘होय, झाली’ असे कळवावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात.

आमच्या नोंदीचे काय झाले, ते प्रामाणिकपणे सांगतो. आठवड्याभरात दुसऱ्या एका स्वयंसेवकाने आमची दोन ओळींची फाईल उघडून दोष आपल्याकडेही घडत असल्याची पुष्टी दिली. प्रोग्रॅमरने लिहिले की सॉफ्टवेअर अक्षरसाखळ्या जशाच्या तशा तुलना करते, तेव्हा नियमाप्रमाणे ही चूक नव्हे. पण मराठी वाचकाची अपेक्षा रास्त आहे. नोंद ‘सुधारणा’ या सदरात स्वीकारली गेली. ती अजून पूर्ण झालेली नाही. दरम्यान आम्ही सर्व संगणकांवर कीबोर्डची एकच मांडणी ठेवली, जुन्या याद्यांतील असे प्रत्येक नाव पुन्हा टंकित केले, आणि याद्या नावाऐवजी हजेरीपटाच्या क्रमांकावरून जुळवू लागलो. गठ्ठा मोजण्याची पद्धत अर्थात चालूच आहे.

ज्यांना हे काम करून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी लिब्रेऑफिस सोयीचे आहे. त्याची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास येते आणि त्याआधी चाचणीच्या आवृत्त्या सर्वांसाठी खुल्या होतात. त्या शाळेच्या कार्यालयातील संगणकावर किंवा घरी हिशेब असलेल्या संगणकावर घालू नयेत. संगणक कक्षातील एक जुना संगणक आम्ही त्यासाठी वेगळा ठेवला आहे. आठवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांनी एक वही घेऊन यावे. पहिल्या पानावर चार खाने आखावेत: काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, किती वेळा झाले. मराठीत एक परिच्छेद टंकित करावा, छापून पाहावा, आपले नाव त्यात शोधून पाहावे. सगळे बरोबर निघाले तर उत्तमच. न निघाले तर ‘चालत नाही’ असे म्हणून उठू नये. वहीत लिहायला घ्यावे.